एक सरोवर, तीन लाकडी चर्चं आणि कुऱ्हाड चालवणारे हात

नेहमीप्रमाणे आजच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना हेडफोन न लावता वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकलंय पण रशियन नावं नीट कळली नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी भरकटलो होतो, ते इथे कापलंय.

आजची गोष्ट तीन चर्चची आहे. तिन्ही लाकडाची, तिन्ही गावाकडची, तिन्ही ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन पंथाची आणि तिन्ही एकाच सरोवराच्या आसपासची. पहिलं १७०८ चं, दुसरं १७१४ चं, तिसरं १७७४ चं. त्यातलं पहिलं १९६३ मध्ये जळलं. तिसरं २०१८ मध्ये जळलं, म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत, मोबाइलवर व्हिडिओ फिरत असताना. मधलं मात्र अजून उभं आहे. तीनशे वर्षं झाली, तरी उभं आहे.

प्रश्न साधा आहे. लाकूड कुजतं, लाकडाला कीड लागते, लाकूड जळतं. मग लाकडाची एवढी मोठी इमारत तीनशे वर्षं टिकते कशी? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला वाटलं होतं की काहीतरी जादूचं लाकूड, गुप्त तेल वगैरे निघेल. तसं काही निघालं नाही. निघालं ते जरा वेगळंच.

आधी जागा समजून घेऊ

फोनवर नकाशा उघडा. रशियाच्या वायव्येला, फिनलंडच्या सीमेला लागून करेलिया नावाचा प्रांत आहे. नुसतं जंगल आणि पाणी. तिथे ओनेगा नावाचं सरोवर आहे, युरोपातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं. सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तलाव येतो, पण हे इतकं मोठं आहे की मधोमध नाव नेली तर किनारा दिसत नाही. त्याच्या उत्तर भागात शेकडो बेटं आहेत. त्यातलंच एक चिंचोळं बेट म्हणजे किझी. लांबी साधारण सात किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात पेत्रोझावोद्स्क या शहरातून बोटीने जाता येतं. हिवाळ्यात सरोवर गोठतं आणि माणसं बर्फावरून ये-जा करतात.

या बेटावर आपलं मधलं चर्च आहे, १७१४ चं. रशियन लोक त्याला प्रेओब्राझेन्स्काया चर्च म्हणतात. येशूचं रूप शिष्यांसमोर तेजाने पालटलं, अशी बायबलमध्ये कथा आहे. त्या प्रसंगाच्या नावाचं हे चर्च. उंची ३७ मीटर. म्हणजे अंदाजे बारा मजली इमारत. आणि त्यावर २२ घुमट! कांद्याच्या आकाराचे, एकावर एक, पायऱ्या चढत गेल्यासारखे. फोटो बघितलात तर पहिल्यांदा वाटेल की घुमट चांदीचे आहेत. ते लाकडाचेच आहेत. चांदी कुठून येते ते पुढे सांगतो.

एवढं मोठं चर्च एवढ्याशा बेटावर का?

कारण ते एका गावाचं नव्हतंच. तिकडे जुन्या काळी 'पोगोस्त' नावाची व्यवस्था होती. आजूबाजूच्या बेटांवर आणि किनाऱ्यावर विखुरलेल्या कितीतरी वाड्या-वस्त्या मिळून एक पोगोस्त. त्या सगळ्यांचं चर्च, स्मशान, जत्रा आणि कारभार एका ठिकाणी. किझी हे ते ठिकाण. लोक होडीत बसून प्रार्थनेला यायचे, लग्नाला यायचे, मयताला यायचे.

पोगोस्तात चर्च दोन असायची. एक उन्हाळ्याचं, एक हिवाळ्याचं. करेलियातल्या थंडीत ३७ मीटर उंच इमारत शेगडीने गरम करणं शक्य नव्हतं. म्हणून २२ घुमटांचं मोठं चर्च उन्हाळ्यासाठी, आणि त्याच्या शेजारचं बसकं, ऊब धरणारं, ९ घुमटांचं पोक्रोव्स्काया चर्च हिवाळ्यासाठी. हे हिवाळी चर्च मुळात १६९४ चं, १७६४ मध्ये पुन्हा बांधलेलं. दोघांच्या मधे घंटेचा मनोरा, तो बराच नंतरचा, १८६२ चा, आणि १८७४ मध्ये तो पुन्हा उभारला.

हिवाळी चर्चला लागून एक ऐसपैस खोली असे. तिथे प्रार्थनेआधी-नंतर लोक बसत, बातम्या ऐकत, सरकारी फर्मानं तिथेच वाचून दाखवली जात, गावकीचे तंटे तिथेच मिटत. म्हणजे देऊळ, चावडी आणि पार, तिन्ही एकाच छपराखाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच आवारात रक्त सांडणार आहे.

त्या जागेवर आधीही लाकडी चर्च होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस वीज पडून ते जळलं. म्हणजे लाकूड जळतं हे तिथल्या माणसांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी पुन्हा लाकूडच घेतलं. भोवती जंगल असताना दुसरं कशाला घेतील? योगायोग बघा, १७१४ या त्याच वर्षी झार पीटर पहिला याने सेंट पीटर्सबर्ग सोडून बाकी रशियात दगडी बांधकामाला बंदी घातली. नव्या राजधानीला गवंडी कमी पडत होते म्हणून! किझीच्या लोकांना त्या बंदीने काही फरक पडला नसणार. त्यांचं सगळं आयुष्यच लाकडाचं होतं. घर, होडी, पाळणा, चमचा, थडग्यावरचा क्रूस.

आता खरी मजा: हे बांधलं कसं

आपल्याकडचा जुना वाडा आठवा. खांब उभे करायचे, त्यावर तुळया टाकायच्या, मधे भिंत भरायची. उत्तर रशियातली पद्धत उलटी. तिथे खांबच नाहीत. ओंडके आडवे ठेवायचे, एकावर एक, आणि कोपऱ्यात खाच पाडून एकमेकांत अडकवायचे. वरच्या आणि खालच्या ओंडक्यात फट राहू नये म्हणून लांबीभर खोबण तासायची. असे थरावर थर चढवत गेलं की भिंत तयार. वजनच तिला घट्ट धरून ठेवतं.

यात एक अडचण आहे. खोलीची बाजू ओंडक्याच्या लांबीएवढीच होऊ शकते. समजा तुमच्याकडे सहा मीटरचे ओंडके आहेत. चौकोन केला तर ३६ चौरस मीटर जागा मिळेल. सबंध पोगोस्ताची माणसं त्यात मावायची कशी? सुतारांनी काढलेली वाट सुंदर आहे: चौकोनाऐवजी अष्टकोन करायचा. त्याच सहा मीटरच्या ओंडक्यांनी आठ बाजू केल्या तर जागा होते सुमारे १७४ चौरस मीटर. जवळजवळ पाचपट! हे गणित मी कॅल्क्युलेटरवर केलं, त्यांनी ते अनुभवावर केलं होतं.

किझीच्या चर्चचा गाभा असाच अष्टकोनी आहे. त्याला चार दिशांना चार पुढे आलेले भाग जोडले, म्हणजे वरून पाहिलं तर क्रूसाचा आकार दिसतो. मग त्या अष्टकोनावर दुसरा लहान अष्टकोन, त्यावर तिसरा आणखी लहान. प्रत्येक पायरीवर घुमट. लांबून बघताना सगळं गुंतागुंतीचं वाटतं, पण आतलं सूत्र एकच: आठ बाजू, आणि वर जाताना लहान.

भिंतींना पाइनचं लाकूड. घुमटांवर मात्र ॲस्पेन. ॲस्पेनच्या लहान लहान फळ्या कुऱ्हाडीने तासून, टोकाला पायऱ्यापायऱ्यांची नक्षी काढून, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवल्या आहेत. अशा सुमारे ३०,००० फळ्या! कोवळं ॲस्पेन पिवळसर दिसतं, ऊन-पाऊस खाल्ला की राखाडी होतं, आणि प्रकाश पडला की चांदीसारखं चमकतं. ही आपली चांदी. सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी.

आता एक गैरसमज काढून टाकू, कारण याच्या रील्स खूप फिरतात. 'एकही खिळा न वापरता बांधलेलं चर्च' असं तुम्ही ऐकलं असेल. भिंतींच्या बाबतीत ते खरं आहे. ओंडके खाचांनीच अडकलेत. पण घुमटांवरचे ते लाकडी खवले खिळ्यांनीच ठोकलेले आहेत. दुसरी दंतकथा म्हणजे नेस्तोर नावाच्या सुताराने एकाच कुऱ्हाडीने सगळं चर्च बांधलं आणि शेवटी, असं पुन्हा कोणाला जमायचं नाही असं म्हणत ती कुऱ्हाड सरोवरात फेकून दिली. गोष्ट म्हणून झकास आहे. पण एवढं काम एका माणसाचं असूच शकत नाही. ती सुतारांची टोळी होती, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. शिवाय कुऱ्हाड फेकून देण्याचा भाग तर मला फारच खटकतो. का, ते शेवटी सांगतो.

शत्रू नंबर एक: पाणी

लाकडाला नुसतं जुनं झाल्याने काही होत नाही. कोरडं लाकूड शेकडो वर्षं राहू शकतं. ओल धरली, ती सुकली नाही, की बुरशी येते आणि लाकूड भुसभुशीत होतं. त्यामुळे या सुतारांची अर्धी अक्कल पाणी पळवण्यात खर्च झाली आहे.

भिंतीचा वरचा भाग बघा. तिथे ओंडके हळूहळू बाहेर झुकत जातात, स्कर्टच्या घेरासारखे. त्यामुळे छपराची कड भिंतीपासून लांब जाते आणि पागोळी भिंतीवर न पडता दूर पडते. घुमटांखालून पाणी आत शिरलंच तर आत दुसरं छप्पर आहे, ते झिरपलेलं पाणी पन्हळींतून बाहेर काढतं. लाकडाच्या थरांत बर्च झाडाची साल घालायची पद्धत होती, कारण ती साल पाणी धरत नाही. म्हणजे आजच्या भाषेत वॉटरप्रूफिंगची शीटच.

कुऱ्हाडीचं कारणही हेच. करवत त्यांना माहीत नव्हती असं नाही. पण करवत लाकडाचे तंतू फाडते आणि तोंड उघडं ठेवते, तिथून पाणी शोषलं जातं. धारदार कुऱ्हाडीच्या घावाने तंतू दाबले जातात, तोंड बंद होतं, असं जुन्या सुतारांचं म्हणणं. झाडं तोडायची तीही हिवाळ्यात, जेव्हा खोडात रस कमी असतो.

एवढं करूनही ॲस्पेनचे खवले काही दशकांत बदलावेच लागतात. सगळ्यात खालचे ओंडके जमिनीजवळ असतात, तेही आधी कुजतात. बांधणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. ही इमारत एकदा बांधून विसरून जायची नव्हतीच. दर पिढीने वर चढायचं, खराब झालेलं काढायचं, नवं बसवायचं. दुरुस्ती हा बांधकामाचाच भाग होता.

चावडीत तोफ

मघाशी म्हटलं होतं की याच आवारात रक्त सांडलं. अठराव्या शतकात या भागात सरकारी लोखंडाचे आणि तोफांचे कारखाने होते. शेतकऱ्यांना जबरदस्तीने त्या कामाला जुंपलं जायचं. लाकूड तोडा, कोळसा पाडा, तो वाहून न्या. शेतीच्या ऐन हंगामात. हे ओझं वाढत गेलं आणि १७६९ मध्ये लोकांनी कामाला जायला नकार दिला. हजारो शेतकरी त्यात उतरले. त्यांचं जमायचं ठिकाण कुठलं? किझीच्या चर्चचं आवार. अर्ज तिथेच लिहिले गेले, राजधानीला माणसं तिथूनच पाठवली गेली. पुढाऱ्यांत क्लिमेंत सोबोलेव हे नाव येतं.

१७७१ च्या उन्हाळ्यात राणी कॅथरीन दुसरी हिच्या सैन्याने बेटावर तोफा आणल्या आणि जमलेल्या लोकांवर डागल्या. पुढाऱ्यांना चाबकाने फोडून काढून सैबेरियात सक्तमजुरीला धाडलं.

तीन वर्षांनी, १७७४ मध्ये, त्याच सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर कोंडोपोगा या गावी एक लाकडी चर्च उभं राहिलं. किझीसारखे ढीगभर घुमट नाहीत. एकच शिखर, तंबूसारखं निमुळतं, सरळ आकाशात घुसणारं. उंची ४२ मीटर. किझीपेक्षाही पाच मीटर जास्त. त्या दडपलेल्या उठावातल्या लोकांची ती आठवण आहे असं मानलं जातं. हे आपलं तिसरं चर्च. त्याच्याकडे परत येऊ.

भल्यासाठी केलेल्या चुका

आता किझीची दुरुस्ती कशी झाली, यातच सगळी गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकात लोकांना उघडे ओंडके गावंढळ वाटायला लागले. शहरातल्या दगडी चर्चसारखं दिसावं म्हणून भिंतींवर बाहेरून फळ्या ठोकल्या, रंग दिला. पुढे घुमटांवर ॲस्पेन काढून पत्रा बसवला. शंभर वर्षं किझी पांढरं आणि पत्र्याचं होतं. जुने फोटो पाहिलेत तर ओळखूच येत नाही.

१९५० च्या दशकात अलेक्सांद्र ओपोलोव्निकोव या वास्तुतज्ज्ञाच्या हाताखाली मोठं काम झालं. फळ्या काढल्या, पत्रा काढला, पुन्हा ॲस्पेनचे खवले आले. आज पोस्टकार्डावर दिसणारं चर्च हे त्या कामामुळे दिसतं. जगाने ते पाहिलं आणि वेड लागलं. पण पुढच्या अनेक तज्ज्ञांचं मत असं पडलं की त्या 'कुरूप' फळ्यांनी शंभर वर्षं ओंडक्यांचं ऊन-पावसापासून रक्षण केलं होतं. त्या काढल्यावर आतलं लाकूड पुन्हा उघड्यावर आलं.

कोण बरोबर? हा वाद अजून चालतो. मला दोन्ही बाजू पटतात. सौंदर्य परत मिळालं, आणि त्याची किंमत लाकडाने मोजली.

त्याआधी युद्धही येऊन गेलं होतं. १९३७ मध्ये सोव्हिएत राजवटीने इथली प्रार्थना बंद पाडली. १९४१ ते १९४४ हे बेट फिनलंडच्या ताब्यात होतं. चर्चमधली चित्रं, म्हणजे लाकडी फळ्यांवर रंगवलेले आयकॉन, फिनलंडला नेले गेले आणि युद्धानंतर परत आले. पण छताला असलेलं रंगवलेलं 'आकाश', ज्यावर देवदूत होते, ते मात्र युद्धकाळात कायमचं गेलं.

१९८० पर्यंत चर्च इतकं वाकडं झालं होतं की आत जायला बंदी घातली. ओंडके फुगून बाहेर येत होते, मधला भाग खचत होता. तेव्हा सोव्हिएत अभियंत्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक उपाय केला. चर्चच्या आत लोखंडी सांगाडा उभा केला आणि भिंतींना त्याचा आधार दिला. चार रांगांत मांडलेली १०२ आयकॉनची सोनेरी भिंत त्यासाठी उतरवली. चर्च पडलं नाही, पण ते जणू कुबड्यांवर उभं राहिलं. त्यातही पंचाईत अशी की लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, वजनाने हळूहळू बसतं. लोखंड तसं वागत नाही. दोघांना एकत्र बांधलं की भांडण लागणारच.

१९९० मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा यादीत घातलं. म्हणजे आत जाता येत नाही अशा, आतून लोखंड भरलेल्या इमारतीला हा मान मिळाला.

इमारत हवेत धरून दुरुस्ती

पुढे काय करायचं यावर वर्षानुवर्षं वाद झाला. एक मार्ग सोपा होता. सगळं सुटं करायचं, कुजलेलं फेकायचं, पुन्हा रचायचं. लाकडी इमारतीत ते शक्य असतं. पण तीनशे वर्षांत प्रत्येक ओंडका आपल्या शेजाऱ्याप्रमाणे वाकला आहे, दबला आहे. एकदा सगळं सुटं केलं की ती वळणं परत जुळतीलच असं नाही.

शेवटी ठरलं ते ऐकून मी दोनदा तपासून पाहिलं. चर्च उभंच ठेवायचं आणि मधूनच एकेक थर काढून दुरुस्त करायचा!

कल्पना करा, पुस्तकांची उंच चळत आहे आणि तुम्हाला सगळ्यात खालचं पुस्तक शिवायचं आहे. वरची सगळी चळत कुणीतरी उचलून धरली तर तुम्ही खालचं काढू शकाल. इथे तेच केलं. तोच लोखंडी सांगाडा, ज्याने कुबडीचं काम केलं होतं, तो मजबूत करून त्यावर उचलणारी यंत्रं बसवली. चर्चचे उंचीनुसार सात थर ठरवले. काम सगळ्यात खालच्या थरापासून सुरू झालं. वरचे थर किंचित उचलून सांगाड्यावर टांगून ठेवायचे, खालचा थर ओंडका-ओंडका करून बाहेर काढायचा, बेटावरच्याच कार्यशाळेत नेऊन पुन्हा रचायचा, तपासायचा, दुरुस्त करायचा आणि परत आणून बसवायचा. मग त्याच्या वरचा. बाहेरून बघणाऱ्याला चर्चच्या पोटात आरपार फट दिसायची, आणि वर २२ घुमट शांतपणे अधांतरी.

कार्यशाळेतला नियम एकच: जुनं लाकूड शक्य तितकं वाचवायचं. ओंडक्याचा एक कोपरा कुजला असेल तर तेवढाच कापायचा आणि तिथे नव्या लाकडाचा तुकडा इतका चपखल बसवायचा की धार आत जाणार नाही. दाताच्या डॉक्टरसारखं. पोकळ झालेला ओंडका पूर्ण बदलायचा, पण नवं झाड जुन्यासारखंच हवं. हळू वाढलेलं, दाट वलयांचं. हा खटाटोप २०१० च्या दशकात जवळजवळ सबंध चालला आणि २०२० मध्ये पूर्ण झाला. आयकॉनची भिंत परत उभी राहिली. सुमारे चार दशकांनी दार लोकांसाठी उघडलं.

हे काम करायला सुतार कुठून आले? इथेच खरी गंमत आहे. कुऱ्हाडीने खोबण काढणारी, खाच पाहून ती कुणी कशी तासली हे ओळखणारी माणसं जवळजवळ संपली होती. मग बेटावरच्या संग्रहालयाने सुतारकामाचं शिक्षण सुरू केलं. तरुण मुलं शिकली. जुन्या ओंडक्यांवर तीनशे वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात, त्या घावांवरून हत्याराचा आकार, घावाचा कोन, हात कसा फिरला हे ओळखायचं. गुरू नव्हता, म्हणून लाकूडच गुरू झालं.

आणि बाकीची दोन?

पहिलं चर्च, १७०८ चं, सरोवराच्या दक्षिणेला वितेग्राजवळ अंखिमोवो गावात होतं. तेही अनेक घुमटांचं, किझीचं थोरलं भावंड म्हणावं असं. १९६३ मध्ये जळून राख झालं. पण आगीआधी त्याची मोजमापं घेतलेली होती, नकाशे काढलेले होते. त्यावरून एकविसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्गजवळ, नेवा नदीच्या काठी, तसंच्या तसं चर्च बांधलं गेलं. सगळं लाकूड नवं, जागाही नवी.

तिसरं, कोंडोपोगाचं. १० ऑगस्ट २०१८. भर दिवसा आग लागली आणि ४२ मीटरचं ते शिखर मशालीसारखं पेटलं. आतलं रंगवलेलं आकाश, कोरीव काम, सगळं गेलं. आग एका अल्पवयीन मुलाने लावली असं तपासात पुढे आलं. दोनशे चव्वेचाळीस वर्षं राजवट, क्रांती, दोन महायुद्धं आणि पाऊस-बर्फ झेललेलं चर्च एका दुपारात कोळसा झालं.

त्या दिवशीचे फोटो मी बघितले. काळ्या पडलेल्या भिंतीचे थोडे थर उरले होते. मागे सरोवराचं पाणी शांत. ते पाहून मनात पहिला विचार आला की तिकडे किझीत त्याच वेळी सुतार एकेक ओंडका वाचवत होते. बोटीने काही तासांच्या अंतरावर.

मग खरं चर्च कोणतं?

हा प्रश्न तुमच्यासाठी सोडतो, पण माझं मत सांगतो.

किझीत आता बरंच लाकूड नवं आहे. घुमटांवरचे खवले तर कितीदा बदलले. कुणी म्हणेल, मग ते १७१४ चं कसं? आणि नेवाकाठचं चर्च नकाशाप्रमाणे हुबेहूब आहे, मग ते १७०८ चं का नाही?

मला फरक दिसतो तो असा. नेवाकाठच्या चर्चची साखळी मधे तुटली. किझीची तुटली नाही. तिथे प्रत्येक नवा ओंडका जुन्या ओंडक्यांच्या मधे जाऊन बसला, त्यांच्या वळणाला आपलं वळण जुळवून. आपल्या घरात जशी भाषा टिकते ना, तसं. शब्द बदलतात, नवे येतात, पण आजी नातवाशी बोलते तोवर धागा चालू राहतो. नकाशावरून बांधलेलं चर्चही मोलाचं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. निदान काय गमावलं ते तरी तिथे कळतं.

म्हणूनच मला नेस्तोरची दंतकथा खटकते. काम झालं, कुऱ्हाड सरोवरात फेकली, असं पुन्हा होणे नाही! त्या दिवशी सगळ्यांनीच कुऱ्हाडी फेकल्या असत्या तर किझी पन्नास वर्षांत कुजून गेलं असतं. चर्च टिकलं ते कुणीतरी ती कुऱ्हाड परत उचलली म्हणून. दर पिढीत. नाव न लिहिता.

सुरुवातीला विचारलं होतं ना, लाकूड तीनशे वर्षं टिकतं कसं? एकटं टिकत नाही. त्याला माणसं लागतात. आणि कोंडोपोगाने हेही दाखवलं की तीच गोष्ट संपवायला एक काडी पुरते.

आजच्यासाठी एवढंच. हा भाग ऐकला नसेल तर जरूर ऐका, आणि किझीचे फोटो शोधताना एक काम करा: संध्याकाळच्या प्रकाशातला फोटो बघा, मग झूम करून एकाच खवल्याकडे बघा. कुणाच्या तरी हाताचा घाव दिसेल. भेटूया पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या, आणि घरातली एखादी जुनी लाकडी वस्तू असेल तर तिच्यावरची ओल पुसून ठेवा!